अण्णासोंची खात्री

जन्मभर पंक्चर काढून अण्णासोंनी एकदाची सेकंडहँड मोटार घेतली, तर पावसाळ्यात तिच्या पुढच्या दिव्यांत आतून वाफ धरायला लागली. "गाडीला मोतीबिंदू झालाय," म्हणून अख्खी मंगळवार पेठ हसायची.

मौलाली मेस्त्रीनं दिवे खोलून वाळवले, कडा नीट चिकटवल्या आणि म्हणाला, "आता थेंब आत जायचा न्हाय, अण्णासो."

"ट्यूब पाण्यात बुडवल्याबिगर भोक कळतंय व्हय?" म्हणत अण्णासोंनी गाडी थेट पंचगंगेत घातली, पार दिवे बुडेपर्यंत.

दुपारी ट्रॅक्टरला बांधून ती परत गॅरेजच्या दारात आली.

 

"काम एक नंबर, मौलाली," अण्णासो छाती फुगवून म्हणाले. "दिव्यात थेंब न्हाय. आता तेवढं इंजनातलं पाणी काढ."