कथा पुढे न नेणारी

कादंबरीकार खोलीत येरझाऱ्या घालत बोलायचा आणि ती टाइप करायची. सात कादंबऱ्या अशाच झाल्या होत्या. आठवी वाचून संपादकाने फोन केला, “दोन भावांचं भांडण झकास जमलंय. पण ती थोरली बहीण हवी कशाला? प्रत्येक पात्राने कथा पुढे न्यायला हवी. ही नुसती घरात वावरते.”

कादंबरीकाराला पटलं. फोन ठेवता ठेवताच तो म्हणाला, “बहिणीला काढून टाक.”

काढणं सोपं नव्हतं. ती मेली पानापानावर होती.

“मग अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना आंघोळ कोण घालतं?” तिने विचारलं.

“वाचक असलं काही विचारत नाहीत.”

“आणि दोघा भावांना जेवायला कोण वाढतं?”

“अगं, ‘ते जेवले’ एवढंच लिही. झालं!”

चार दिवस मान मोडून तिने बहिणीचं एकेक वाक्य पुसलं. नोकरी सोडल्याचा प्रसंग गेला, मोडलेलं लग्न गेलं, शेवटी दारामागची तिची चप्पलसुद्धा गेली. पाचव्या दिवशी कादंबरीकाराने सगळं सलग वाचलं आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली.

“कुठ्ठे अडत नाही! ती होती, हे कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

मग तो तिच्याकडे वळला.

“बरं ताई, ऊठ आता. बाबांची आंघोळ राहिलीय.”