अंपायरचं माहेर

'अंपायर' लिहिलेलं कार्ड कोणत्या ढिगात टाकावं, ते सुनेला कळेना.

सासूबाई बसल्या होत्या त्या चाकाच्या खुर्चीवर आडवी फळी बसवलेली होती. घरात तेवढीच एक मोकळी जागा, म्हणून सून त्या फळीवरच कार्डं मांडून समोर बसली होती. कार्डं सासूबाईंचीच, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांतून कापलेली आणि त्यांच्या ठसठशीत अक्षरातली. याच खोलीत त्यांनी निम्म्या गल्लीला इंग्रजी शिकवलं. शब्द पाठ करू नका, त्याचं माहेर शोधा, असं त्या सांगत. लेक सासरी गेली, आडनाव बदललं, तरी नाक काही बदलत नाही. आणि माहेर बहुतेक वेळा लॅटिनमध्ये निघायचं.

झटका आल्यापासून सासूबाईंची वाचा गेली होती. उजवा हात मांडीवर पडून असे. वाचा-उपचाराच्या बाईंनी कप, कंगवा, किल्ली अशी चित्रं समोर धरून कंगवा दाखवा म्हटलं, तर सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हापासून मुलानं आशा सोडली. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सुनेकडे आणि निर्णय मुलाकडे, अशी घरात वाटणी झाली होती. आत्ताही तो दारात उभा राहून शुश्रूषागृहाच्या माणसाशी फोनवर बोलत होता. आईला कायमचं तिकडे न्यायला संध्याकाळी गाडी पाठवायला हरकत नाही, म्हणत होता.

"नाही हो, तिला काही कळत नाही," तो म्हणाला. आवाज खाली आणायची गरज त्याला वाटली नाही.

सुनेला हे पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणायला हाताशी पुरावा नव्हता, आणि तिची परीक्षा तोंडावर आलेली. इंग्रजीचा पेपर सुटला तर प्रयोगशाळेतली नोकरी पक्की होणार होती. ती मोठ्यानं वाचत कार्डं लावत राहिली. एका ढिगात इक्वल आणि त्याची भावंडं: पृथ्वीचे दोन सारखे भाग करणारा इक्वेटर, दिवस-रात्र सारखी करणारा इक्विनॉक्स, आणि पोटात 'लिब्रा', म्हणजे तराजू, घेऊन बसलेला इक्विलिब्रियम. दुसरा ढीग लॅटिन 'पार'चा. पार म्हणजे बरोबरीचा. त्याच्या घरात पेअर, म्हणजे जोडी. पीअर, म्हणजे आपल्या बरोबरीचा माणूस. कम्पेअर, म्हणजे दोघांना शेजारी बसवून बघणं. तिसऱ्या ढिगात, ज्यांचं या दोन्ही घरांत कुणी नाही ती कार्डं. अंपायर तर क्रिकेटच्या मैदानातला, त्याचं इथं काय काम, असं म्हणत तिनं तो तिसऱ्या ढिगात टाकला.

सासूबाईंचा डावा हात हळूहळू फळीवर आला. त्यांनी ते कार्ड ओढलं, सरकवत सरकवत फळीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि 'पार'च्या ढिगावर ठेवलं.

चुकून लागला असेल हात, असं सुनेला वाटलं. तिनं कार्ड परत घेतलं, ढिगांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा ते तिसऱ्यात टाकलं. गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कार्ड पुन्हा 'पार'वर गेलं.

सून उठली. कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून तिनं उभ्यानंच पान शोधलं. अंपायर हा मुळात 'नॉनपेर', आणि त्यातला 'पेर' म्हणजे तोच 'पार': बरोबरीचा नाही तो, जोडीबाहेरचा. दोन बरोबरीची माणसं भांडायला लागली की मधे उभा राहणारा तिसरा. सुरुवातीचा 'न' वाटेत कुठंतरी गळून पडलेला.

शेकडो वर्षं चालत आलेला, नाव-गाव पुसलेला शब्द, आणि जिला कंगवासुद्धा ओळखता येत नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, त्या बाईनं त्याचं नाक ओळखलं होतं. समोर बसलेलं माणूस केवढं मोठं आहे, ते तिला आज कळत होतं.

"अहो, इकडे या. बघा," तिनं हाक मारली.

तो फोन कानाला तसाच धरून आला. सगळं ऐकून, योगायोग असेल, म्हणाला. सून वाद घालत बसली नाही. तिनं कार्ड उचलून तिसऱ्या ढिगात टाकलं. सासूबाईंनी मुलाच्या डोळ्यांदेखत ते ओढलं, नेलं आणि जागेवर ठेवलं.

फोनमधून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. त्यानं तो बंद केला.

"कळतं त्यांना," सून म्हणाली. "सगळं कळतं."

सगळं, हा शब्द त्याच्या अंगावर आला. ही खोली भाड्यानं द्यायची बोलणी याच खोलीत झाली होती. आईची कपाटं कुणाला द्यायची, हे तिच्या खुर्चीशेजारी उभं राहून ठरलं होतं. आता त्याला आईकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

"आई," तो म्हणाला, "तुला जायचंय का तिकडे?"

दोघं खुर्चीसमोर उभे राहिले. सासूबाईंनी न लावलेली कार्डं डाव्या हातानं जवळ ओढली, बोटानं त्यांचे दोन भाग केले, शिकवणीच्या पोरांना वाटत तसा एक सुनेपुढे सारला आणि दुसरा मुलापुढे. तो उभाच होता. त्यांनी फळीवर टकटक केलं आणि तो खाली बसेपर्यंत त्याच्यावरची नजर हलवली नाही.