रखमाला नोटीस

"करार संपलाय, म्हणजे बाजू तुमचीच," बेलापूरच्या वकीलबाई म्हणाल्या. "आधी नोटीस. नाही ऐकलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, मग आदेश. तोवर कुलूप बदलायचं नाही, पाणी तोडायचं नाही."

"तसलं काय नाय करनार," वामन म्हणाला.

"भाडं थकवलंय?"

"कधीच नाय."

"मग करार वाढवा की. एकटी बाई आहे."

"खोली पायजे मला. आनि जुन्या एका करारावर तिच्या पोराची सही हाय. त्यालापन धाडा नोटीस."

शिरवण्यातल्या वामनच्या चाळीत नोटीस आली आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. भाडेकरू रखमा जालन्याहून नवऱ्याबरोबर या खोलीत आली, इथेच विधवा झाली, इथेच म्हातारी झाली. वामनच्या बायकोचं, सरस्वतीचं तर तिच्यावाचून पान हलत नसे.

"तिला घालवून काय मिलनार तुमाला?" सरस्वतीने विचारलं.

वामन उठून ओटीवर जाऊन बसला. मग तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पण शब्द नाही.

रखमाचा मुलगा आकाश पुण्याला असे. लग्नावरून वाद झाला तेव्हा "माझा उंबरा चढू नको" असं रखमाच बोलून गेली होती. तो खरंच परत फिरकला नव्हता.

नोटीस मिळाली तसा तो रविवारी आला. बायकोला घेऊन, तडक वामनच्या ओटीवर.

"लाज नाही वाटत? म्हातारीला रस्त्यावर काढता?"

"तुला येवढी कालजी, तर घेऊन जा तिला."

"नेतोच! तुमची खोली तुम्हाला लखलाभ."

तो वळला. रखमा आपल्या खोलीच्या दारात उभी होती. आकाश उंबऱ्यापाशी थबकला.

"ये," ती म्हणाली.

सून मनस्वी पदर खोचून भांडी बांधायला बसली. "आई, ही कढईपण घ्यायची ना आपल्याकडे?"

रखमाने मान हलवली.

दुपारी टेम्पो भरला. आकाशने चावी वामनच्या पुढ्यात टाकली. वामनने मान वर केली नाही.

रखमा सरस्वतीच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. टेम्पोचा हॉर्न वाजला तसं रखमाने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"वहिनी, भाऊंसंगं बोला आता. नोटीस मीच पाठवाया लावली व्हती."