मुलाकडची बाजू

कॉलर सरळ कर, असं शुभदाताईंनी सर्वेशला तिसऱ्यांदा सांगितलं आणि शेवटी स्वतःच पुढे होऊन ती सरळ केली. कल्याणच्या कोर्टातली तडजोडीची खोली. मध्ये टेबल, दोन्हीकडे एकेक बाक. लग्न काही झालेलं नव्हतं, पण बाजू मात्र मांडवात असाव्यात तशा दोन. ही मुलाकडची, ती मुलीकडची. समोरचा बाक अजून रिकामा होता.

शिवानी अकराला येणार होती, आठ महिन्यांच्या क्षिप्राला घेऊन. आपल्या लेकीला सर्वेशनं आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं.

चूक त्याचीच, हे तो कबूल करायचा. शिवानीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा गडी घाबरला आणि आठवडाभर फोन बंद ठेवून बसला. एकच आठवडा, पण तेवढ्यात त्या पोरीच्या मनातून उतरला तो उतरलाच. बाळ झाल्यावर हा दुपटी आणि खुळखुळा घेऊन डोंबिवलीला गेला. दार शिवानीच्या आईनं उघडलं. इथं तुझं कुणी नाही, म्हणाली आणि तोंडावर लावून घेतलं. पुढे दर महिन्याला तो बाळासाठी पैसे पाठवायचा आणि ते आल्या पावली परत यायचे.

शुभदाताई कोलशेतला त्याच्या खोलीवर पहिल्यांदा गेल्या, त्या दोन महिन्यांपूर्वी. बघतात तर काय, पलंगाशेजारी पाळणा. नवाकोरा, वर तोच खुळखुळा बांधलेला, आणि आत कोणी नाही. तिथंच पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन वर्तकनगरच्या सुमेधा वकीलबाईंकडे गेल्या.

वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही. लग्न नाही, तेव्हा बाळावर पहिला हक्क आईचा. खर्चाची जबाबदारी बापावर येते, पण खर्च दिला म्हणून भेट मिळेलच असं नाही. अर्ज करता येतो. कोर्ट बाळाचं भलं बघणार, आणि आई अडून बसली तर वर्षं जाणार. मग त्या कौतुकानं म्हणाल्या, अशा वेळी मुलाकडचे बहुतेक हात झटकतात, तुम्ही सोबत आलात हे फार बरं केलंत. शुभदाताई पाणी प्यायल्या. दाराची हकिकत ऐकल्यावर मात्र वकीलबाईंना राहवलं नाही.

"काय दगड बाई असेल हो ती."

"दगडच," शुभदाताई म्हणाल्या.

सर्वेश खाली मान घालून बसला होता. त्या दाराबद्दल त्यानं शुभदाताईंपाशी कधी एक शब्द काढला नव्हता.

आज घरी गुडघ्याचं निमित्त सांगून, डॉक्टरकडे जाते म्हणून त्या सकाळीच बाहेर पडलेल्या. खरं सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं.

सर्वेशचा पाय सारखा हलत होता. "मला बघून ती रडेल," तो म्हणाला.

"रडू दे. बाप आहेस तू तिचा, पाहुणा नाहीस. उचलायचं आणि खिडकीशी न्यायचं. कबुतरं दिसली की गप्प होईल."

आणि शिवानी नाहीच म्हणाली तर, असं त्यानं विचारलं. तिचं मी बघते, एवढंच बोलून शुभदाताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दार उघडलं. शिवानी आत आली, कडेवर क्षिप्रा. सर्वेश उठला आणि काय करावं ते न सुचून नुसते हात पुढे करून उभा राहिला. क्षिप्रानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी पाहिलं, आणि खुदकन हसून शुभदाताईंकडे झेपावली. त्यांनी तिला अलगद घेतलं आणि कोणी काही म्हणायच्या आत सर्वेशच्या हातांत दिलं. क्षिप्रानं त्याची कॉलर मुठीत धरली. रडली नाही.

शिवानी जागच्या जागी उभी होती. तिनं सर्वेशकडे पाहिलं, रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मग शुभदाताईंकडे.

"आई," ती म्हणाली, "तुझा गुडघा दुखत होता ना?"