फिशटँकची गुडगुड

प्रणितनं हौसेनं आणलेल्या फिशटँकचं जादा पाणी पाइपातून खालच्या टाकीत पडायचं, आणि त्याची गुडगुड टोकावड्याच्या त्या घरात दिवसभर चालायची.

"एवढं फिजिक्स शिकलीस ना गो, मग हा आवाज तरी बंद करून दाखव," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

"दिशाला कुठं जमतंय!" तिचा नवरा प्रणित हसला. "मुरबाडच्या कॉलेजनं तरी घेतली का तिला?"

दिशाच्या अंगाची आग झाली. तिथल्या नोकरीची मुलाखत चांगली झाली होती. तिच्या मोबाइलला घरात रेंज नसायची, म्हणून तिनं कॉलेजला नवऱ्याचा नंबर दिला होता. रोज विचारलं की तो म्हणायचा, "नाय आला फोन."

त्याच रागात ती कामाला लागली. पाण्याबरोबर हवा ओढली जाते म्हणून पाइप वाजतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पाइपाला व्हॉल्व्ह बसवला आणि पाइप पूर्ण भरून वाहील इतकाच तो उघडा ठेवला. उरलेल्या पाण्याला दुसरा पाइप दिला, आणि दोन्ही तुंबलेच तर असावा म्हणून तिसरा कोरडा ठेवला. मध्येच मोबाइल वाजला तसा प्रणित उठून आत गेला.

हळूहळू गुडगुड थांबली. सासूबाई टाकीला कान लावून बघू लागल्या.



त्या शांततेत आतल्या खोलीतला प्रणितचा दबका आवाज दिशाला स्वच्छ ऐकू आला, "सर, तुमी परत परत फोन नका करू. दिशाला नाय करायची नोकरी, तिनंच सांगितलंय."