टाकीपाशी रेंज येते

वाजंत्री सुरू झाली, तरी सोनीबाईला न्यायला कोणी आलं नाही.

झरीच्या त्या पाड्यावर तिच्या गाण्यांशिवाय आजवर लग्न लागलं नव्हतं. आज पुतळीच्या लेकीचं लग्न. सोनीबाई धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. "येतील गं. गडबडीत असतील," ती म्हणाली. संगिताचा जीव वरखाली होत होता. ती आत जाई, बाहेर येई. चुलीवरचा भात कधी करपला, तिला कळलंही नाही.

सोनीबाई तिची चुलतसासू. विधवा, पोटी मूल नाही. पोरक्या संदीपला, म्हणजे संगिताच्या नवऱ्याला, तिनेच वाढवलं. तिच्या गाण्याचा व्हिडिओ संगिताने हौसेने फोनवरून टाकला होता. आधी वाहवा झाली. मग कुठल्याकुठल्या लोकांनी दात काढले. तेही चाललं असतं. पण परवा बिनफोटोच्या एका खात्यावरून कमेंट आली, 'ही भुताळी आहे. चिमणचा बैल कोणी खाल्ला, पाड्याला विचारा.' खाली पाड्यातल्याच पोरांचे अंगठे. चिमणचा बैल मेला, हे बाहेरच्याला काय ठाऊक? लिहिणारा इथलाच होता. कालपासून बायका सोनीबाईला पाहून पोरं घरात ओढत होत्या. भुताळी ठरलेल्या बाईला गाव राहू देत नाही, हे संगिताने माहेरी पाहिलं होतं. ती मनातून पार घाबरली होती.

संदीप तर पेटलाच. "हात तोडतो त्याचे," म्हणाला आणि सकाळीच पोलिसात तक्रार द्यायला तलासरीला गेला. तोच एक आधार. काकूच्या रस्त्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याने तिला किती विनवलं होतं! "मी जगते तोवर भात लावीन, मंग तुझंच हाय सगळं," असं म्हणून तिने अंगठा दिला नाही. तेव्हाही बिचारा नुसता हसला होता.

ढोल वाढला. संगिताला बसवेना. व्हिडिओच काढून टाकावा म्हणून ती टेकडी चढली. पाड्यात रेंज नाही, ती वरच्या पाण्याच्या टाकीपाशीच येते. धापा टाकत तिने फोन उघडला. नवी कमेंट होती, आत्ताच आलेली. 'आज भुताळी मांडवात आली तर नवरी वाचणार नाही.'

तिचं डोकंच फिरलं. व्हिडिओ काढायचं राहिलं बाजूला. तिने त्या कमेंटखालीच लिहिलं, 'काकूचा हात धरून मी आणतेय तिला मांडवात. हिंमत असेल तर आडवा ये.' आणि पाठवलं.

टाकीच्या मागे फोन टुंग वाजला.

ती वळसा घालून गेली. सावलीत संदीप बसला होता, नजर फोनवर. तिला पाहून तो धडपडत उठला.

संगिताने विचारलं, "झाली का तक्रार देऊन?"