उसनी गिटार

“सर, तुम्ही माझ्या पोरीचं नुकसान केलंत. तिला कार्यक्रमातून काढायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?”

नेकवाला वर्गाच्या दारातूनच बोलला. एका हातात मुलीची गिटार, कमरेला दुकानातला ॲप्रन तसाच. आत गिटारची शिकवणी चालू होती. पोरांचे हात जागच्या जागी थांबले, ॲम्पची घरघर तेवढी चालू राहिली. त्याची मुलगी मागच्या खुर्चीत होती. तिने बापाला बघितलं आणि मान खाली घातली.

गिटारच्या लांब दांड्याला सगळे नेक म्हणतात. गावभरच्या वाकड्या नेक याच्या टेबलावर सरळ होत, म्हणून हा नेकवाला. इलेक्ट्रिक गिटारची नेक नुसत्या अंगठ्याने ओळखणारा दुसरा माणूस नाही, असं लोक म्हणत. तोही ते कधी नाकारत नसे. मुलीच्या गिटारची नेक तर त्याने स्वतः तासली होती. जुन्या घाटाची, मागून गोल, मुठीत भरून उरणारी. आणि मुलगी वर्गाच्या कार्यक्रमात नाही, हे त्याला कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून. ते जास्त झोंबलं होतं.

त्याने भर वर्गात सुनावलं, की माझ्या गिटारमध्ये खोट निघाली तर दुकानाला टाळं लावीन. खोट शिकवण्यात आहे.

सर म्हणाले, आधी गिटार तरी बघा.

बघायचं काय त्यात? तरी त्याने बघितलं, कारण पोरं बघत होती. गिटार आडवी धरली, एक डोळा मिटला, टोकाकडून नेकवर नजर लावली. मग नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेटपैकी, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबली आणि मधे उरलेली बारीक फट सगळ्यांना दाखवली. नेक अगदी ताठ असली तर तार फ्रेटवर आपटून खरखरते, म्हणून तिला किंचित बाक ठेवतात. आत लोखंडी सळई असते. ती आवळली की बाक कमी, सैल केली की जास्त. एवढं सगळं ऐकवून झाल्यावर त्याने तारांवर दोन जोरदार फटके मारले. सूर खणखणीत निघाले. खरखर औषधालाही नाही.

“आहे काही बोलायला?”

“तुमच्या हाताला झकास आहे,” सर म्हणाले. त्यांनी एका मुलाची गिटार मागून घेतली आणि त्याच्या हातात दिली.

नेकवाल्याने तिच्या मागून अंगठा फिरवला. चपटी, सडपातळ नेक. बाक जेमतेम. कारखान्यात शेकड्याने निघणारा माल. ही कसली नेक, ही तर फूटपट्टी, असं तो म्हणाला. पोरं हसली. त्याला बरं वाटलं.

सरांनी ती गिटार त्याच्या मुलीपुढे धरली. ती नको नको म्हणाली. सर मागे हटले नाहीत, तेव्हा तिने घेतली आणि बापाकडे पाठ करून वाजवायला लागली.

घरी ज्या जागी ती रोज अडखळायची, ज्या जागी तो आतल्या खोलीतून ‘पुन्हा’ म्हणून ओरडायचा, ती जागा आली आणि गेलीसुद्धा. सूर स्वच्छ. कुणी टाळी वाजवली नाही. वर्गातल्या सगळ्यांनी हे आधी ऐकलेलं होतं. एकट्या बापाने ऐकलं नव्हतं.

मग त्याने ते केलं, जे गिऱ्हाइकाच्या बाबतीत तो सगळ्यात आधी करतो. स्वतः घडवलेली गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचा हात बघितला. बोटं आखूड. त्या जाड नेकला वळसा घालण्यातच तळवा संपत होता. मनगट मुडपलं होतं. बाकही त्याने स्वतःच्या फटक्याला पुरेल एवढा ठेवला होता. त्यामुळे उंच राहिलेल्या तारा दाबायला पोरीला खांद्यापासून जोर लावावा लागत होता. अंगठ्याच्या बुडाशी चिकटपट्टी होती. ती तो रोज जेवताना बघत होता. सवय झाली की दुखायचं थांबतं, असं त्याने तिला सांगितलं होतं. परक्या माणसाला हे असं सांगायची त्याची छाती झाली नसती.

त्याचे कान तापले. कुणाकडे बघावं कळेना, म्हणून तो पुन्हा सरांवरच घसरला. पण आवाजात दम उरला नव्हता. एवढं कळत होतं तर पोरीला दुसरी गिटार द्यायची होती, सरळ काढून कशाला टाकलंत, असं काहीतरी तो पुटपुटला.

“मी नाही काढलं,” सर म्हणाले. “हीच गिटार मी तिला कार्यक्रमासाठी मागून देत होतो. तिने स्वतः माघार घेतली. का, ते तिलाच विचारा.”

नेकवाल्याने विचारलं नाही. तो घाईघाईने मुलीला सांगत सुटला, की आजच्या आज नेक घासून बारीक करतो, सळई आवळतो, तारा खाली आणतो, लोण्यासारखी करून देतो बघ. बोलताना तो गिटारकडेच बघत होता.

“नेकचं राहू द्या, बाबा,” मुलगी म्हणाली. “मी स्टेजवर दुसऱ्याची गिटार घेऊन उभी राहिले असते. लोकांनी बघितलं असतं, नेकवाल्याची मुलगी, आणि हातात कारखान्याची नेक. तुम्ही शेवटपर्यंत खुर्चीत बसला असता, का मधेच उठून गेला असता? सगळ्यांसमोर जाब विचारायला आलात ना? मग सगळ्यांसमोरच सांगा.”